४० दिवस, १० किलो आणि माझ्या भाचीची मान

गेल्या महिन्यात सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या. मजकूर थोडक्यात असा: पीसीओडी (अंडाशयाचा आणि संप्रेरकांचा त्रास, ज्यात पाळी चुकते) म्हणजे दुसरं काही नाही, जाडेपणा. भात-दूध बंद करा, साखरेऐवजी गूळ घ्या, रोज उपाशीपोटी हळद-दालचिनीचं पाणी प्या. ४० दिवसांत १० किलो उतरतात, गाठी विरघळतात. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊ नका, पुढे मूल होत नाही. आणि लग्न झालं की आपोआप बरं होतं.

मी डॉक्टर नाही. पण या मेसेजपायी माझी सतरा वर्षांची भाची तीन आठवडे रात्री उपाशी झोपत होती. म्हणून तिच्यासोबत दवाखान्यात बसून जे समजून घेतलं, ते लिहिते आहे.

‘पीसीओडी म्हणजे जाडेपणा’ हे पहिलं वाक्यच चुकीचं आहे. २००३पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत वजन नाहीच. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित असणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण (हनुवटीवर राठ केस, हटता न हटणारी मुरुमं किंवा रक्ततपासणीत दिसणारी वाढ) आणि सोनोग्राफीत बारीक पिशव्यांनी भरलेलं दिसणारं अंडाशय. काटकुळ्या मुलींनाही हा त्रास असतो. वजनाचा संबंध आहे, पण तो असा: शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला) नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवायला लावतं, आणि बीज पक्व होणं अडतं. वजन वाढलं की हे सगळं आणखी बळावतं. म्हणजे पोरीच्या जिभेला दोष देऊन भागत नाही.

हे मला कळलं ते भाचीच्या मानेवरून. मानेमागे काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा आला होता. ताईला वाटलं, मळ. बेसन-लिंबू झालं, मग भांड्याच्या घासणीनं. मी केस वर करून पाहिलं तर कातडी सोलून लाल झालेली. “मावशी, आंघोळ करते गं मी रोज,” एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी मान बघितल्या बघितल्या साखर तपासायला सांगितली. असा पट्टा बहुतेक वेळा इन्सुलिन वाढल्याची खूण असतो. घासून तो जाणार कसा?

‘गाठी विरघळतात.’ या गाठी नाहीतच. पक्व न झालेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात, काही मिलिमीटरच्या. त्यात विरघळण्यासारखं काही नाही, आणि कॅन्सरचं नाव काढून रडण्यासारखंही नाही. हळद आमच्या सांगलीची, भौगोलिक मानांकन मिळालेली. ती आमटीत घालावीच, पण तिच्यावर हे ओझं टाकू नये. शिवाय पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरायची नाही, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात अंडाशय तसं दिसणं साधारण आहे. त्या वयात पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांची खूण, दोन्ही लागतात. भाचीला बाराव्या वर्षी पाळी आली. पण सोनोग्राफीच्या एका कागदावरून घरानं ‘पीसीओडी झाला’ ठरवून टाकलं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं संप्रेरक) कुणी तपासलंच नव्हतं, आणि त्यांच्या बिघाडानंही पाळी चुकते.

भाताचं म्हणाल तर कुठलाही एकच आहार यात सरस ठरलेला नाही. मूद लहान करा, शेजारी मटकीची उसळ किंवा अंडं, जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी घ्या. दूध सोसत असेल तर सोडायचं कारण नाही. गूळ मात्र साखरच आहे. उसाच्या पट्ट्यात हे पटवणं अवघड जातं, तरी काकवीसुद्धा त्यातच मोजा.

४० दिवसांत १० किलोचा आकडा तर मला घातक वाटतो. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. ७२ किलोच्या बाईला ते साडेतीन ते सात किलो, तेही महिनोन्‌महिन्यांत. उपाशी राहून झपाट्यानं उतरवलं तर त्यानंच पाळी थांबते. आमच्याकडे तेच झालं, आणि घरचे म्हणाले, अजून कमी खा. आता ती संध्याकाळी माझ्याबरोबर आमराईत चालते, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करते. काट्याऐवजी आम्ही कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करतो आणि महिन्यातून एकदा कंबर मोजतो.

‘गोळ्यांनी मूल होत नाही.’ पाळी नियमित करायला देतात त्या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर साचतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. गोळी त्यापासून जपते. प्रत्येकीला ती चालत नाही: रक्तदाब, रक्तात गुठळी होण्याचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि हा त्रास असलेल्या बहुतेकींना मूल होतं, काहींना औषधांची मदत लागते.

लग्नाच्या मुद्द्यावर मी एकच सांगते. लग्नानं संप्रेरकं बदलत नाहीत. त्या पोरीला अकरावीचा अभ्यास आहे.

ताईनं घासणी भांड्यांकडे परत नेली. मंगळवारी सकाळी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं आहे. आदल्या रात्री भाचीला मी माझ्याकडे जेवायला बोलावलं आहे, आमटी-भातच.