वैयक्तिक चिंतन, चौथी सीट

आमच्या सरांनी टीवायच्या वर्गाला प्रोजेक्ट दिला : 'पुस्तके, श्रद्धा आणि जागतिक प्रश्न – एक वैयक्तिक चिंतन'. शब्द पंधराशे, मार्क वीस, कुठून उचललेलं सापडलं तर भोपळा. पुस्तकं, श्रद्धा, जागतिक प्रश्न, तिन्ही मी कसंबसं निभावून नेलं असतं. घोडं अडलं ते 'वैयक्तिक'पाशी.

कारण आम्ही भांडुपला राहतो. दोन खोल्या, पाच माणसं, एक पंखा. घरात वैयक्तिक म्हणावी अशी माझी एकच वस्तू, टूथब्रश, आणि धाकटीने त्याने शाळेचे बूट घासल्यापासून तोही सार्वजनिक झालाय. आतून कडी लागते अशी जागा घरात एकच. तिथे चिंतनाला बसलं की तिसऱ्या मिनिटाला बाहेरून हाक येते, "आहेस ना रे?"

पुस्तक मी विचार करून निवडलं, म्हणजे सगळ्यात बारीक निवडलं. भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे' हा निबंध. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गर्दी लोटते तेव्हा शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून मित्राने आणलेली पुस्तिका. (पुस्तकं कुणाला खरोखर हवी असतात हे बघायचं असेल तर त्या दिवशी तिथे जावं. गावाहून भाकऱ्या बांधून आलेली माणसं परत जाताना त्याच पिशवीत पुस्तकं भरून नेतात.) पुस्तक आणि श्रद्धा एका दगडात उरकतील, जागतिक प्रश्नांचं मागाहून बघू, असा माझा हिशेब.

वाचायचं कुठे, तर लोकलमध्ये. माझं कॉलेज फोर्टात. सकाळी भांडुपला सीएसएमटीच्या गाडीत चढणं हा व्यायामप्रकार आहे, त्यामुळे मी उलटा ठाण्याला जातो आणि त्याच गाडीने रिटर्न येतो. पण विक्रोळी-कांजूरच्या लोकांना ही युक्ती माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. ते बसूनच आलेले असतात. माझ्या वाट्याला तिघांच्या बाकावरची चौथी सीट. चौथ्या सीटवर माणूस बसत नाही, टेकतो. निम्मा बाकावर, निम्मा देवाच्या भरवशावर. अशा स्थितीत नास्तिकतेवरचं पुस्तक उघडायचं म्हणजे आधीच पंचाईत.

पहिल्याच दिवशी पान उलटायला गेलो तर वरून आवाज आला, "थांब बाळा, माझं व्हायचंय."

बघतो तर समोर उभे असलेले गृहस्थ. साठीचे, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, एका हाताने वरची कडी धरलेली. ते माझ्या तोंडासमोर उभे, म्हणजे त्यांना पुस्तक उलटं दिसत होतं.

"तुम्ही उलटं वाचता?"

"छापखान्यात कंपोझिटर होतो. तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. खिळा उलटाच वाचायचा असतो. सरळ वाचताना मला उलट वेळ लागतो." मग त्यांनी बोट टेकवलं. "हे बघ. 'ईश्वर' ऱ्हस्व छापलाय. मानत नसाल तर मानू नका, पण दीर्घ तरी लिहा."

हे बुवा. ठाण्याला जे भजनी मंडळ चढतं त्याचे मुख्य गायक. आता मशीद बंदरला एका बायंडिंगच्या दुकानात जातात. मंडळाचा एक माणूस आधी चढून खिडकीच्या गजाला विठोबाचा फोटो बांधतो, त्यावर झेंडूची माळ. मुलुंड येईपर्यंत टाळ निघतात. ढोलकी आहे, पण ढोलकीवाले कामावर नसले की डब्याचा पत्रा वाजवतात आणि तो बरा वाजतो, असं माझं मत.

तर ईश्वर नाही असं ठासून सांगणारं पान समोर, डाव्या कानाला टाळ आणि उजव्या मांडीवर अनोळखी माणसाची बॅग, अशा अवस्थेत मी रोज पाऊण पान वाचत होतो. मंडळाला पुस्तकाचं नाव तिसऱ्या दिवशी कळलं. नाहूरला टाळ थांबले. मला वाटलं, आता चौथी सीटही गेली. एका काकांनी विचारलं, "कोणी लिहिलंय?"

"भगतसिंग."

"मग वाच," काका म्हणाले, आणि टाळ सुरू झाले. भगतसिंगाला एवढी सूट आहे. हेच मी स्वतः लिहिलंय म्हटलं असतं तर घाटकोपरला उतरवलं असतं.

विक्रोळी ते शीव मला तोंडी सारांश द्यावा लागायचा. सांगितलं की हे १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिलंय. तिथे बाबा रणधीरसिंग नावाचे धार्मिक वृत्तीचे क्रांतिकारक होते. ते म्हणाले, प्रसिद्धी तुझ्या डोक्यात गेलीय म्हणून तुला देव दिसत नाही. त्याला हे उत्तर. शेवटी एक मित्र म्हणतो, बघशील, अखेरचे दिवस आले की तूही देव मानायला लागशील. तर हे म्हणतात, छे, तसं करणं मला कमीपणाचं वाटेल.

"आणि मग?" बुवांनी विचारलं.

"२३ मार्च १९३१ला फाशी. वय तेवीस. हे छापून आलं ते त्यानंतर."

बुवा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देवाला हात न जोडता जायचं, हे आम्हाला जमणार नाही हो."

नेमकी तेव्हाच शीव-माटुंग्याच्या मध्ये गाडी थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या दिवशी माझी पहिल्या लेक्चरला तोंडी परीक्षा होती. अकराव्या मिनिटाला माझ्या तोंडून जे निघालं ते 'गणपती बाप्पा'. जोरात नाही, पण चौथ्या सीटवर हळू असं काही नसतं. शेजारच्या तिघांनी ऐकलं. तो माणूस फाशीच्या दोराखाली हलला नाही आणि मी लाल सिग्नलला वाकलो. प्रोजेक्टमध्ये हे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

घरी गेलो तर तिथे आजी. मी फुशारकीने सांगायला गेलो की श्रद्धा तपासून घ्यावी लागते. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "माझ्या हातून गणपती दूध प्यायलाय."

हे आमच्या घरातलं ऐतिहासिक प्रकरण. २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी देशभर मूर्ती दूध प्यायल्या. परदेशातल्या देवळांतही प्यायल्या. मुंबईत देवळांबाहेर रांगा, हाफिसं ओस. आजीने शेजाऱ्यांच्या पितळी गणपतीला चमच्याने पाजलं. मी आयुध घेऊन तयार होतो. सांगितलं, आजी, सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं होतं. दूध पोटात जात नाही, पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. याला पृष्ठताण म्हणतात.

आजीने पाकळीचं साल काढलं. "मग दुसऱ्या दिवशी का नाही प्यायला? पृष्ठताण सुट्टीवर गेला होता?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. म्हणजे सुचलंय, की दुसऱ्या दिवशीही ओघळलं असतं, फक्त लोकांनी चमचा लावला नाही. पण ते रात्री दोन वाजता सुचलं आणि तेव्हा आजीला उठवणं बरं दिसलं नसतं.

मग ठरवलं, एकांत शोधायचा. शनिवारी लेक्चर संपल्यावर टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. एशियाटिक सोसायटी आत, लाखभर पुस्तकं आत, दांतेच्या काव्याचं जुनं हस्तलिखित आत, आणि मी तिसातल्या बाराव्या पायरीवर. चिंतनाला यापेक्षा थोर जागा नाही असं म्हणेपर्यंत एका माणसाने खांद्यावर हात ठेवला. "दादा, फ्रेममधनं जरा सरका ना." मागे लांब शेपटाचा गाऊन घातलेली नवरी आणि घामाने डबडबलेला नवरा. मी दोन पायऱ्या सरकलो. तिथे दुसऱ्या जोडप्याची फ्रेम होती. असा सरकत सरकत शेवटी मी रस्त्यावर आलो.

राहिले जागतिक प्रश्न. त्यांच्यासाठी पुस्तक लागलंच नाही. ते डब्यात चालतच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. आमच्या डब्यात दाराशी लटकणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि ते तो प्रत्येक स्टेशनला वापरतात : "मागून येतेय, रिकामी आहे!" तिकडे आखातात काही पेटलं की इकडे सिलिंडरचं काय होणार, हे विद्याविहारपर्यंत ठरलेलं असतं. निर्वासितांचा प्रश्न मला कुर्ल्याला समजला. आत बसलेल्यांना वाटतं डबा भरलाय, बाहेरच्यांना वाटतं आत भरपूर जागा आहे, आणि आत घुसलेला बाहेरचा पुढच्याच स्टेशनला दार अडवून उभा राहतो. यावर याहून जास्त मला काही सांगता येणार नाही.

हवामानबदलाचं तेवढं मी वाचून गेलो होतो. पॅरिस करारात २०१५ साली देशांनी ठरवलं की तापमानवाढ दीड अंशाच्या आत राखायचा प्रयत्न करायचा. काका म्हणाले, "दीड अंशाने काय होतंय?" त्याच वेळी आमच्यावरचा पंखा बंद पडला. दोन मिनिटांत काकांना दीड अंश कळला. मग त्यांनी खिशातून कंगवा काढला, जाळीतून आत घातला आणि पात्याला ढोसलं. पंखा कुरकुरत फिरायला लागला. एवढ्या परिषदा भरल्या, पण कंगवा कोणी नेला नसावा.

बाबांकडे या विषयावर एकच गोष्ट आहे, ती ते दर पावसाळ्यात सांगतात. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी दोन महिन्यांचा. बाबा भायखळ्याहून रुळांवरून चालत निघाले, कुर्ल्याला छातीभर पाणी, तिथे वस्तीतल्या लोकांनी रात्रभर घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. सकाळी भांडुपला पोचले. कुणाच्या घरात झोपलो, ते कुठल्या धर्माचे, नाव काय, बाबांनी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. हे बाबा सांगत नाहीत, मी विचारल्यावर म्हणाले. म्हणाले, "अंधार होता रे. चहा गरम होता एवढं आठवतंय."

मी ते लिहून घेतलं.

सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा आणि गुरुवारी बुवांनी पुस्तक मागितलं. "दोन दिवस दे. उलटं वाचून मान आखडली." नाही कसं म्हणणार? त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा तिसरी सीट मिळवून दिली होती. आणि पंधराशेपैकी चौदाशे शब्द झालेही होते, त्यातले निम्मे डब्याचे, पाव आजीचे. सरांनी विचारलं असतं यात वैयक्तिक काय, तर मला अक्षर दाखवावं लागलं असतं.

सोमवारी मुलुंडला बुवांनी पिशवीतून पुस्तक काढलं. ओळखू आलं नाही. खाकी कागदाचं कव्हर, कोपरे कात्रीने कापल्यासारखे. वर मधोमध, टाकाने लिहावं तशा वळणदार अक्षरात : ॥ श्री ॥. त्याखाली : मी नास्तिक का आहे. त्याखाली माझं नाव.

मी बघत राहिलो. बुवांच्याही तेव्हाच लक्षात आलं. "अरे, हात वळतो तसा. वहीवर श्रीशिवाय सुरुवातच होत नाही."

आत पानोपानी लाल पेनाच्या खुणा. एकूण एक 'ईश्वर' दीर्घ करून ठेवलेला. चौदावं पान शिवणीतून निघालं होतं, ते नीट बसवलेलं.

"वाचलंत सगळं?"

"दोनदा. लिहिलंय पोराने चोख. मला पटलं नाही." मग माझ्याकडे वाकून, टाळवाल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "पान भाताच्या शिताने चिकटवलंय. साधाच भात आहे हं, डब्यातला. घरी नैवेद्याचा होता, पण मुद्दाम नाही घेतला. म्हटलं, तुला चालायचा नाही."