आठ माइक लावले म्हणजे रोबोटला गर्दीत ऐकू येतं?

रोबोटिक्समध्ये रमणाऱ्या मंडळींत एक दावा फार फिरतो: "माणसाला दोनच कान. रोबोटच्या डोक्यावर आठ माइकची गोल पाटी बसवा, बीमफॉर्मिंग चालू करा. टॉर्चचा झोत टाकावा तसा तो गर्दीतल्या एकाच माणसावर कान रोखतो आणि बाकीचं सगळं गप्प होतं." पूर्ण खोटं नाही, पण यावर भरवसा ठेवून पाटी विकत घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

आधी आकड्यांचं बघू. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे एकच शब्द प्रत्येक माइकपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतो. तेवढा उशीर भरून काढून सगळ्या माइकची बेरीज केली की हव्या दिशेचा आवाज एकमेकांवर नेमका बसतो, इतर दिशांचे विस्कटतात. हेच बीमफॉर्मिंग. या साध्या पद्धतीत प्रत्येक माइकमधला गोंगाट स्वतंत्र आहे असं धरलं, तर चार माइकना ६ डेसिबलचा फायदा होतो आणि आठांना ९. म्हणजे माइक दुप्पट केले की वाढ फक्त ३ डेसिबलची.

टॉर्चचं चित्र तर आणखी फसवं. झोत किती अरुंद होणार हे पाटीचा व्यास आणि आवाजाची तरंगलांबी ठरवतात. २०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे १.७ मीटर, पाटी समजा ९ सेंटीमीटरची. समोरासमोरच्या दोन माइकमध्ये पडणारा कलाभेद (एकच लाट दोघांत किती मागेपुढे असते तो फरक; पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश) जास्तीत जास्त १९ अंश. एवढ्याने बेरजेत काहीच खोडलं जात नाही. खर्जात झोत नसतोच, चहूकडचं ऐकू येत राहतं. मग पाटी मोठी करावी? शेजारच्या माइकमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पुढे गेलं की भलत्याच दिशांचंही तितक्याच जोरात ऐकू येऊ लागतं. ९ सेंटीमीटरच्या वर्तुळावर आठ माइक म्हणजे शेजाऱ्यांत साधारण साडेतीन सेंटीमीटर; ५ किलोहर्ट्झच्या आसपासच ही मर्यादा गाठली जाते, आणि 'स'ची बरीच ताकद त्याच पट्ट्यात असते.

आता "बाकीचं गप्प होतं" हे. रोबोटचा सर्वांत मोठा शत्रू गर्दीत नसतो, त्याच्या डोक्यात असतो: प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि मानेची मोटर. तेवढ्याच ताकदीचा आवाज ३ मीटरवरून येण्याऐवजी १० सेंटीमीटरवरून आला, तर तो सुमारे ३० डेसिबलने मोठा पोचतो. कुठे ते ९ आणि कुठे हे ३०! शिवाय दुरून येणारी लाट सपाट असते हे साध्या बीमफॉर्मिंगचं गृहीतक इतक्या जवळच्या पंख्याला लागूच पडत नाही. म्हणूनच सुरुवातीचे बरेच रोबोट ऐकण्यासाठी चक्क थांबत. हालतानाही ऐकता यावं म्हणून जपानमध्ये नाकादाई, ओकुनो आणि सहकाऱ्यांनी २००० साली ॲक्टिव्ह ऑडिशनची मांडणी केली; पुढे होंडाच्या जपानमधल्या संशोधन संस्थेनं आणि क्योतो विद्यापीठानं मिळून रोबोटच्या ऐकण्यासाठी हार्क हे सॉफ्टवेअर आणलं. त्यात बीमफॉर्मिंग हा अनेक टप्प्यांपैकी एक आहे. दिशा शोधणं, आवाज वेगळे करणं, आवाजाचा कुठला भाग विश्वासार्ह आहे हे शब्द ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला कळवणं, असे इतर टप्पेही तितकेच कामाचे.

यावर "साधी बेरीज सोडा, एमव्हीडीआर वापरा" असं उत्तर येतं. बरोबर आहे, बीमफॉर्मिंगचीच ही हुशार पद्धत गोंगाटाची दिशा ओळखून तिथे खड्डा पाडते, म्हणजे तिकडचं ऐकणं जवळपास बंद करते. पण बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज सगळीकडून येतो. नको असलेल्या माणसाचा प्रतिध्वनी हव्या माणसाच्या दिशेनेही येतो, आणि दिशा हाच एकमेव निकष असेल तर तो आत शिरणारच. उलटही घडतं: दिशेचा अंदाज थोडा चुकला की एमव्हीडीआर बोलणाऱ्यालाच गोंगाट समजून पुसतं.

दोन कानांना हिणवण्याबद्दल थोडकंच. कानाच्या पाळीचा आकार, डोक्याची आड आणि मान वळवणं यांतून आपल्याला पुढचं-मागचं कळतं. उघड्या हवेत टांगलेल्या दोन माइकना ते कळत नाही, आणि इथे मात्र गोल पाटी खरोखर उपयोगी पडते. आवाज कुठून आला हे सांगायला ती चांगली.

घ्यायचीच असेल तर माइकची संख्या शेवटी बघा. आधी पाटीचा व्यास, पंखा तिच्यापासून किती दूर आहे, आणि रोबोट स्वतः बोलत असताना स्पीकरकडे जाणारा सिग्नल, माइकमध्ये शिरलेला त्याचाच आवाज वजा करण्यासाठी, वेगळा मिळतो का, हे विचारा.