नॅनो कोटिंग असलं की दाताच्या इम्प्लांटला काहीच होत नाही? असं नसतं हो

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. दाताच्या जागी जबड्यात बसवायचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट, त्यावर नॅनो सिल्व्हर, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं कोटिंग असलं की जंतू फिरकत नाहीत, हाड तीन दिवसांत धरतं, शुगर असो की तंबाखू काही फरक पडत नाही आणि दात आयुष्यभर टिकतो. माझ्याकडे येणारे पेशंट हेच दाखवून विचारतात आणि काहीजण तर यावर विसंबून पैसे भरून मोकळे होतात, म्हणून लिहितोय.

आधी जंतूंचं. चांदीचे नॅनो कण जंतू मारतात हे खरंय, त्यांच्यातून आयन, म्हणजे चांदीचे विद्युतभार असलेले अणू सुटतात आणि ते जंतूंचं आवरण खराब करतात. पण तेच आयन जास्त झाले की हाड बनवणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत, लॅबमध्ये हे अनेकदा दिसलंय. बरं, चांदीचा साठा कधीतरी संपतोच, आणि तोंडात उघड्या राहिलेल्या भागावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रोटीनचा थर बसतो, मग जंतू त्या थरावर घर करतात.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. इन्फेक्शन सुरू होतं ते हिरडीच्या कडेला, आणि कोटिंग असतं बहुतेक वेळा हाडात जाणाऱ्या स्क्रूच्या आट्यांवर. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, दुखत मात्र काहीच नाही म्हणून माणूस गप्प बसतो, मग हळूहळू हाड खाली सरकतं आणि आटे उघडे पडतात, आणि हाडाने पकडावं म्हणून मुद्दाम खरखरीत केलेला तोच भाग आता साफ करायला सगळ्यात अवघड होऊन बसतो. २०१५ च्या एका आढाव्यात इम्प्लांटवाल्या पेशंटपैकी साधारण ४३ टक्क्यांना हिरडीची सूज आणि २२ टक्क्यांना हाड झिजण्यापर्यंत गेलेला त्रास आढळला होता. त्यामुळे "काहीच होत नाही" असं कुणीही लिहून देऊ नये.

तीन दिवसांत हाड धरतं, हे तर साफ चूक. सुरुवातीला इम्प्लांट घट्ट वाटतो तो फक्त स्क्रूच्या पकडीमुळे, नंतर आजूबाजूचं जुनं हाड झिजतं आणि नवीन तयार व्हायचं असतं, म्हणून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड उलट कमी होते. स्वीडनचे संशोधक ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला ३ महिने आणि वरच्याला ६ महिने थांबायचे. आजच्या चांगल्या सरफेसमुळे हे बऱ्याच केसेसमध्ये ६ ते ८ आठवड्यांवर आलंय, आणि हे खरंच मोठं काम आहे. पण जे "तीन दिवसांत दात" देतात ना, ते जबड्याच्या कडक हाडात स्क्रू अडकवून देतात, आणि ते इम्प्लांट बऱ्याचदा गुळगुळीत पॉलिश केलेले असतात, म्हणजे तिथे कोटिंगचा काही संबंधच नाही!

आणि नॅनो म्हणजे एकच गोष्ट नव्हे. साध्या टायटॅनियमवरही हवेत आपोआप काही नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ऑक्साइडचा थर येतो. टायटॅनियमच्या नॅनोट्यूबचं बघा, २००७ मध्ये एका टीमला १५ नॅनोमीटरच्या नळ्या पेशींना सगळ्यात चांगल्या वाटल्या, २००९ मध्ये दुसऱ्या टीमला ७० ते १०० च्या नळ्यांवर स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) हाडाच्या पेशीकडे वळताना दिसल्या, आणि हे दोन्ही प्रयोग डिशमधल्या पेशींवर होते. तोंडात चावणं असतं, लाळ असते, ॲसिड असतं.

शुगर आणि तंबाखूबद्दल काय बोलायचं, फरक पडतो, भरपूर पडतो. निकोटीनने रक्तपुरवठा कमी होतो आणि वाढलेल्या शुगरमध्ये जखम भरायला वेळ लागतो, मग कोटिंग कुठलंही असो. मिश्री लावणाऱ्यांनी तर डॉक्टरपासून अजिबात लपवू नका, कोणी रागावणार नाही.

इम्प्लांट करायचाच असेल तर HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) आधी करून घ्या, कंपनी आणि लॉट नंबर असलेला स्टिकर डॉक्टरकडून मागून फाइलला चिकटवा, दाताच्या फटीत घालायचा छोटा ब्रश कसा फिरवायचा ते तिथेच शिकून या, आणि नंतर चेकअपला हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजून घ्यायला सांगा.