'फ्लॅटमध्ये बसून मातीवर लिहिणं सोपं असतं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुळांजवळचे जिवाणू पिकाला कॅडमियम हा विषारी धातू सहन करायला मदत करतात, असा जो लेख मी लिहिला, त्याखाली तुम्ही नाव न घालता लिहिलंत: "पीक तगलं म्हणजे कॅडमियम गेलं असं नव्हे. ते पानात उतरलं तर ती हिरवीगार भाजी विषारीच. कुंडीतलं शेतात चालत नाही. ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, बुरशी आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून मातीवर लिहिणं सोपं असतं."

ट्रायकोडर्माचं बरोबर आहे. दुकानात ती जिवाणू खतांच्या शेजारीच ठेवलेली असते, त्या ओघात लिहून गेलो. चूक माझी. दुरुस्त केली आहे.

पण शेवटचं वाक्य काल रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. कुर्ल्याजवळ रुळांलगत त्यांना लागवडीला एक पट्टा मिळाला होता. पालक, लाल माठ, कधी भेंडी. शाळेत जायच्या आधी मी तेलाच्या डब्याने पाणी घालायचो, आणि ते पाणी नाल्याचं असायचं. आई जुड्या बांधून विकायला बसायची. उरलेली भाजी आमच्या ताटात. ती माती माझ्या नखांत होती. मला मातीची ओळख कोणी करून द्यावी आणि कोणी नाही, हे चार ओळींत ठरवणारे तुम्ही कोण?

पुढे २६ वर्षं मी एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. निळ्या माध्यमाच्या प्लेटवर स्युडोमोनास या जिवाणूचा ठिपका ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याभोवती नारिंगी कडं उमटतं. जिवाणूने माध्यमातलं लोह ओढून घेतल्याची ती खूण. कॅडमियममुळे झाडाला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात. अशा वेळी झाडाला लोह मिळवून द्यायला हेच जिवाणू कामाला येतात. दुसरं इथिलीन या वायूचं. ताणाखाली मूळ इथिलीन जास्त बनवतं आणि खुंटतं. झाडातल्या ज्या एसीसी नावाच्या रसायनापासून ते बनतं, त्याचेच हे जिवाणू तुकडे करतात. कॅनडाच्या बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ साली हे मांडलं. माझ्या मनाची कथा नाही ही.

आम्ही मेथीची रोपं लावली होती. कॅडमियमच्या मातीतली मुळं आखूड, तपकिरी, बोथट. बॅसिलस हे जिवाणू लावलेल्या बियांची मुळं मात्र लांब, आणि झटकली तरी माती सुटत नव्हती, कारण जिवाणूंचा चिकट थर माती धरून ठेवतो. मी हे हातात घेऊन पाहिलंय. फ्लॅटमध्ये बसून नाही.

राहिला पानात उतरण्याचा मुद्दा. लेखात मी 'सहन करणं' असं लिहिलंय, 'शुद्ध करणं' कुठेही नाही. धातू कुजत नाही, जळत नाही, हे मलाही कळतं. काही जिवाणू तो मुळाशी बांधून ठेवतात, काही आम्ल सोडून उलट मोकळा करतात. म्हणून जात पारखूनच वापरायची. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कॅडमियमच्या भाताने लोकांची हाडं ठिसूळ झाली, 'इताई-इताई' म्हणतात त्या रोगाला. ते मला माहीत नाही असं समजून लिहू नका. शेताचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि 'विषारी भाजी' तुम्ही शास्त्राच्या अर्थानेच लिहिलं असेल. पण त्याच भाजीच्या पैशांतून आईने माझ्या वह्या घेतल्या होत्या. मला ते शब्द तसे वाचता आले नाहीत.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढच्या वेळी मात्र नाव घालून लिहा.