स्वस्तात धुऊन मिळेल

इमारती बाहेरून धुऊन द्यायचा धंदा काढताय? काढाच. पुण्यात या धंद्याला मरण नाही. पाऊस दरवर्षी पडतो, उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ दरवर्षी धरतं, शेजारच्या प्लॉटवर कायम काहीतरी पाडणं नाहीतर बांधणं चालू असतं, आणि दसरा जवळ आला की प्रत्येक कमिटीला आपली बिल्डिंग काळी पडल्याचा साक्षात्कार होतो. मग रंगाचं कोटेशन येतं. ते बघून सगळे जरा गप्प होतात आणि "आधी धुऊन तर बघू" असं ठरतं. तिथे तुमची एन्ट्री.

मशीन घरगुतीच घ्या, गाडी धुवायचं. खोक्यावर १३५ बार प्रेशर छापलेलं असतं, ते पुरे. आतली कार्बन ब्रशची मोटर थोडा वेळ चालवून थांबवायसाठी केलेली असते, दिवसभर पळवायला नाही; पण हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं आणि माहितीपुस्तक कोण वाचतं? दिवसभर चालणारं, इंडक्शन मोटरचं मशीन महाग, जड, वर चढवायला दोन माणसं लागतात. त्यापेक्षा खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घाला. मेंटेनन्सचा एवढा खर्च बास.

आता मुख्य विषय, रेट. भिंत मोजायची नाही. टेप काढला की गिऱ्हाईक बिचकतं. गेटपाशी उभं राहून मान वर करायची, मजले मोजायचे आणि म्हणायचं, "सात मजली ना? पंचवीसमध्ये करून टाकू, साहेब." मोजणारा माणूस काय करेल? उंची ८० फूट, चारी बाजूंचा घेर ३०० फूट, म्हणजे २४,००० चौरस फूट, असलं काहीतरी गणित घालेल, आणि २५,००० रुपये म्हणजे फुटाला जेमतेम एक रुपया पडतो हे कळून दुःखी होईल. तुम्ही मोजलंच नाही, तुम्हाला दुःख नाही.

मजुरी धरा. ४ माणसं, ८०० रुपये रोज, ६ दिवस: १९,२००. दोरावरच्यालाही ८००च, उंचीचे वेगळे कशाला? राहिले ५,८००. त्यात टेम्पो, हायपो (शेवाळ मारायचं ब्लीचचं पाणी), पाइप, नोझल, चहा-वडापाव, मशीनची झीज आणि तुम्ही. कोटेशन द्यायला, मग समजावून सांगायला आणि मग कमी करायला मारलेल्या फेऱ्या धरू नका. त्या ओळखी वाढवण्यासाठी असतात.

कमिटीला तीन कोटेशनं लागतात. काम कुणाला द्यायचं हे पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं आणि तुमचं कोटेशन फाइलची जाडी वाढवायला मागवलेलं असतं. तरी हरायचं नाही. कमिटीत एक निवृत्त बँक अधिकारी असतातच. ते चष्मा कपाळावर नेऊन विचारतील, "यात पाणी कुणाचं?" या प्रश्नाला घाबरून पाण्याची अट लिहून देणारे लोक मी पाहिले आहेत. तुम्ही फक्त हसा.

मशीन मिनिटाला ८ लिटर पाणी ओढतं. तासाला ४८०, दिवसातले सहा तास चाललं तर तीन हजार लिटरच्या आसपास. काम एप्रिल-मेमध्ये निघालं, तर त्या दिवसांत सोसायटी स्वतःच टँकरवर असते. दुसऱ्या दिवशी वॉचमन नळ बंद करेल, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीतून चौकशी करतील आणि तुम्ही तुमच्या खर्चाने टँकर मागवाल. कशातून? त्याच ५,८००मधून.

शेवाळावर हायपो मारून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ते मेलं की मग हलक्या प्रेशरने धुवायचं. नुसत्या प्रेशरने वरचं वरचं निघतं, खालचं तसंच राहतं आणि पहिल्या दोन पावसांत परत हिरवं. पण थांबायचे पैसे कोटेशनमध्ये कुठे आहेत? म्हणून नोझल भिंतीला टेकवा आणि फुल प्रेशर द्या. रंगाचे पापुद्रे खाली पडतील. लोक म्हणतील, "बापरे, केवढी घाण निघाली!" ही या धंद्यातली सगळ्यात समाधानाची वेळ, तिचा आनंद घ्या. पाणी स्लायडिंगच्या फटीतून कुणाच्या तरी सोफ्यावरही जाईल, पण ते संध्याकाळी कळतं.

सिमेंटचे पांढरे ओघळ घालवायला ॲसिड लागतं. कुठल्या बादलीत काय, हे पोरांना सांगत बसू नका, वेळ जातो. मग एखादा हायपोच्याच बादलीत ॲसिड ओततो आणि खोकत, डोळे चोळत जिना उतरतो. दोन्ही मिसळून निघालेला तो वायू म्हणजे क्लोरीन. मास्कही कोटेशनमध्ये नव्हता.

भिंतीवरून माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्याचं भाडं परवडत नाही, त्यामुळे माणूस दोरावर. शहाणे लोक दोन दोर लावतात, एक कामाचा, एक जिवाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधतात. फुटाला एक रुपयात एक दोर बसतो. तो गच्चीवर जे मजबूत दिसेल त्याला बांधायचा. टाकीचा पाइप बरा दिसतो. डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, मोठ्या कंपन्यांसाठी असते असं समजा. खालून सेक्रेटरी फोटो काढून ग्रुपवर टाकतील, "काम जोरात सुरू", खाली सतरा अंगठे. माणूस घसरलाच तर तो आपला नव्हता, नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेला होता, असं सांगायची पद्धत आहे. कमिटीही तेच सांगते. त्यामुळे काम चालू असेपर्यंत तो सगळ्यांचा असतो आणि पडला की कुणाचाच नसतो.

ॲडव्हान्स मागू नका, विश्वास नाही असं वाटतं. काम संपल्यावर कळेल की चेकवर दोन सह्या लागतात आणि चेअरमन मुलीकडे सॅन होजेला गेलेत. तुमच्यासारख्या छोट्या उद्योगांसाठी २००६चा एक कायदा आहे: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडकवता येत नाहीत, अडकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज. पण त्यासाठी आधी सरकारकडे छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी हवी आणि हातात कागद हवा. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवरचा "ओके" आहे.

दिवाळी उलटून जाते. मग एके दिवशी सेक्रेटरींचाच फोन येतो. तुम्ही उत्साहाने उचलता. पैशांचं चेअरमन आल्यावर बघू, ते म्हणतात, पण काम छान झालंय, बी विंगवाले विचारतायत, दोन्ही विंग तुमच्याकडेच म्हटल्यावर रेटमध्ये थोडं कमी होईल ना?

होईल म्हणा. दोर आहेच आपल्याकडे.