वाळूला हात लावू नका

समुद्राच्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणारा माणूस मासे पाळतो, असा तिऱ्हाइतांचा समज असतो. तो पाळतो वाळू. मासे त्या वाळूवर फुकट राहतात.

वाळू आली त्याच आठवड्यात मालवणचे मामा आले होते. अरॅगोनाइट वाळूच्या पिशवीवरची किंमत त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. "आमच्या चिवल्यार फुकट पडली हा, आणि तू इकत घेतंस?" मी समजावलं की हे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, प्रवाळ-शिंपल्यांच्या जातीचं, चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूबरोबर गाळ, सिलिका आणि नदीने वाहून आणलेलं काय काय येतं. मामांनी शांतपणे ऐकलं. "आणि ह्या माशांका कळता?" मीठही विकतचं आणि पाणी मुद्दाम आरओ-डीआय यंत्रातून, त्यातले क्षार काढून गाळलेलं, हे मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांना बीपी आहे.

पांढरीशुभ्र वाळू काही आठवड्यांत तपकिरी झाली. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत सिलिका मिळते तोवर वाढतात, संपली की बहुधा आपोआप जातात. करायचं काय? काही नाही. हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण ज्या घरात आई आहे त्या घरात तो अमलात आणता येत नाही. मी ऑफिसला गेलो की आई घासणी घेऊन टाकीसमोर उभी. "नुसतं वरून पुसते रे!" पुढे लालसर-जांभळी साय धरली. ते सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर जगणारे जीवाणू; खाणं जास्त, प्रवाह कमी, की येतात. आईचा निष्कर्ष वेगळा होता: दृष्ट लागली.

शेवटी मी तिला वाळूची चाळ समजावून सांगितली. वरच्या मजल्यावर प्राणवायू खेळता असतो. तिथले जीवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. तळमजल्यावर प्राणवायू पोचत नाही. तिथले भाडेकरू ते नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांनी निघून जातो. तळमजला खणला तर सगळी बिऱ्हाडं उघड्यावर येतात, शिवाय कुजक्या अंड्यांचा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो आणि तो माशांच्या जिवावर उठतो. आईने विचारलं, "मग चाळीत झाडू कोण मारतं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा. यावर हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, एक-दोन इंच वाळू घाला आणि सायफनने, म्हणजे नळीने घाण ओढून, नेमाने साफ करा. दुसरा म्हणतो, चार इंचांच्या वर घाला आणि आयुष्यात हात लावू नका. माझी वाळू पाच इंच. म्हणजे झाडूवाले नेमणं आलं.

नॅसॅरियस गोगलगायी उत्तम नोकर. दिवसभर वाळूत गाडून घेतात, फक्त सोंड बाहेर. खाणं पडलं की चारी बाजूंनी वर येतात. पहिल्यांदा हे पाहून शेजारच्या काकू सोफ्यावर पाय घेऊन बसल्या. दुकानदार वाळू चाळणारा तारामासाही गळ्यात मारत होता, "ह्याला काही खायला लागत नाही" म्हणत. लागतं. तो वाळूतले सगळे बारीक जीव खातो आणि लहान टाकीत ते संपले की उपाशी मरतो. तो मी नाही घेतला. गोबी नावाचा मासा घेतला. हा घासभर वाळू तोंडात घेतो, खाण्याजोगं ठेवतो, बाकी कल्ल्यांतून सोडतो. काम चोख, फक्त सोडायची जागा म्हणून त्याने माझं सगळ्यात महागडं प्रवाळ निवडलंय. मी रोज रात्री पिचकारीने ते मोकळं करतो. सकाळी पुन्हा ढीग. दोघांपैकी पगार कुणालाच नाही.

शोभेसाठी पिवळा कोरिस रॅस आणला. हा मासा झोपायला वाळूत शिरतो. नवी टाकी मानवेपर्यंत तर दिवसचे दिवस वर येत नाही. तो मेलाय असं समजून उकरायचं नाही, एवढं एकच पथ्य; ते घरात सगळ्यांना लिहून दिलंय.

परवा ऑफिसातले लोक जेवायला आले. यायला साडेनऊ वाजले. टाकीचे दिवे मावळले होते, रॅस वाळूत, गोबी खडकाखालच्या बिळात, गोगलगायींच्या सोंडाही आत. मंडळींनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," साहेब म्हणाले. "मासे कधी आणताय?"