सोसायटीचा अहवाल आणि स्पेसबारचे शिलेदार

कमिटीच्या बैठकीत ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?’ असं कुणी गोड आवाजात विचारलं की समजावं, वार्षिक अहवाल आपल्या गळ्यात पडला. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची आणि नोटीस त्याआधी पूर्ण 14 दिवस द्यायची. म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डशी झुंजायला ऐन गणपतीचेच दिवस हाती उरतात.

सुरुवात मागच्या वर्षीच्या फाइलने होते. ती उघडल्यावर आधी कंट्रोल-शिफ्ट-8 दाबावं. एरवी न दिसणारी चिन्हं पडद्यावर येतात आणि आधीच्या सचिवांचं खरं अक्षर कळतं. ‘सचिव’ हा शब्द उजवीकडे न्यायला स्पेसबारच्या ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग लावलेली असते, आणि ‘हिशेबपत्रक’ नव्या पानावर जावं म्हणून वर एकाखाली एक एंटर ठोकलेले असतात. मग कुणी फॉन्ट बदलला की सही डावीकडे घरंगळते आणि नोटिशीत एक विषय वाढवला की हिशेबपत्रक पानाच्या मध्यावर येऊन बसतं.

सहीसाठी रूलरच्या, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीच्या, डाव्या टोकाच्या चौकोनावर दोनदा क्लिक केलं की राइट टॅब (शब्द उजव्या कडेला लावणारी खूण) येतो. मग रूलरवर उजव्या मार्जिनपाशी एक क्लिक आणि ओळीत ‘सचिव’च्या आधी एकदाच टॅबची कळ. नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर. एवढं शिकवायला क्लासची फी घेऊ नये, असं माझं मत आहे.

खरी गंमत मथळ्यांपाशी सुरू होते. मथळा हाताने ठळक आणि मोठा केला तर माणसाला तो मथळा दिसतो, वर्डला दिसत नाही. त्याला ‘हेडिंग 1’ ही स्टाइल द्यावी लागते (कंट्रोल-ऑल्ट-1), तरच ‘रेफरन्सेस’ मेनूमधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. आता स्टाइलचा आकार 16 केला, तर ‘अहवाल 2024-25’मधले आकडे टुणकन फुगतात आणि ‘अहवाल’ तेवढाच राहतो. कारण वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. तिचा फॉन्ट आणि आकार यांचे रकाने वेगळे. स्टाइल मॉडिफाय करताना फॉन्टच्या चौकटीत खालचा रकानाही भरायचा. मराठी माणूस स्वतःच्या मजकुरात दुय्यम ठरतो तो असा.

ओळींमधलं अंतर कमी करून दोन पानांचा कागद वाचवायची कल्पना खजिनदारांना हमखास सुचते. ‘एक्झॅक्टली 12’ ठेवलं की वेलांट्या आणि रफार छाटले जातात. ‘खर्च’चा ‘खच’ आणि ‘थकबाकी’ची ‘थकबाका’ होते. त्याच ओळीत चित्र असेल, तर झेंडावंदनाच्या फोटोची नुसती एक पट्टी उरते. ‘मल्टिपल’ निवडून 1.1 द्यावं.

मग येते थकबाकीची यादी. बारा महिन्यांचे बारा रकाने उभ्या पानात मावत नाहीत, म्हणून कुणीतरी थेट लँडस्केप दाबतं आणि अख्खा अहवाल आडवा होतो. यादीच्या आधी एक आणि नंतर एक ‘सेक्शन ब्रेक – नेक्स्ट पेज’ हवा, म्हणजे अहवालाचे वेगळ्या मांडणीचे भाग पाडणारी खूण. कर्सर मधल्या भागात ठेवून तेवढंच पान आडवं करायचं. आडव्या भागाचा आणि त्यानंतरच्या भागाचा फूटर (पानाच्या तळाची पट्टी) वेगळा हवा असेल, तर दोन्हीकडे ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करायचं, नाहीतर एकीकडचा बदल दुसरीकडे उमटतो. आणि हा ब्रेक उगाच पुसू नये. वर्ड भागाची मांडणी त्या भागाच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवतो; यादीच्या आधीचा ब्रेक गेला की वरचा सगळा मजकूर खालच्या भागाचा पेहराव करतो. मुखपृष्ठासकट सगळे आडवे.

टेबल दुसऱ्या पानावर गेलं की सभासद ‘कुठला महिना कुठला’ म्हणून भांडतात. पहिल्या ओळीत कर्सर ठेवून ‘रिपीट हेडर रोज’ दाबावं. टेबल अगदी पानाच्या तळाशी संपलं तर मागे एक कोरं पान चिकटतं. टेबलानंतरचा परिच्छेद पुसता येत नाही; त्याच्या चिन्हाचा फॉन्ट 1 करायचा.

शेवटी अनुक्रमणिकेवर एफ9 आणि ‘अपडेट एन्टायर टेबल’. नुसते पानक्रमांक बदलले आणि मधला एखादा मथळा काढलेला असला, तर छापील अहवालात ठळक इंग्रजीत ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ हे प्रकरण झळकतं, आणि सभेत त्यावर खुलासा मागणारा निघतोच.

झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफच न्यावी; तिथे आपला फॉन्ट नसला की वर्डची पानं पुन्हा सरकतात. अध्यक्षांना ‘एकच शब्द बदलायचाय’ म्हणून वर्डचीच फाइल हवी असते. रिव्ह्यूमधल्या ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मध्ये फक्त शेरे लिहिण्याची मुभा ठेवून, पासवर्ड घालून ती पाठवावी. पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटातल्या फाइलला लावून ठेवा. पुढच्या वर्षी कमिटी बदलते.